रंगकामाच्या वेळेचा अंदाज: आमची वाटचाल

घरांच्या रंगकामाला सुरुवात केली तेव्हा आम्ही क्षेत्रफळ मोजून दिवस सांगायचो. पुढे प्रत्येक कामाची टप्प्यानुसार नोंद ठेवू लागलो आणि अंदाजाची पद्धतच बदलली. आता मापाची टेप काढण्याआधी भिंतीवर हात फिरवतो. तळव्याला पांढरी भुकटी लागली तर जुना थर सुटलेला असतो. तो खरवडल्याशिवाय नवा रंग धरत नाही, पोपडे येतात. शंका असेल तिथे चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढायची. तिच्याबरोबर रंग निघाला की खरवडण्याचे तास वेगळे धरायचे. ओल दिसली तर आम्ही तारीख देतच नाही. आधी गळती थांबायला हवी, भिंत वाळायला हवी.

माप अर्थात लागतंच. १२ बाय १० ची, १० फूट उंच खोली घ्या: भिंती ४४० आणि छत १२०, म्हणजे ५६० चौरस फूट. दारं-खिडक्या वेळेतून वजा करत नाही, कारण चौकटींच्या कडा ब्रशने काढण्यात तेवढा वेळ जातोच. जुना रंग घट्ट असेल तर आमच्या नोंदींप्रमाणे एका कारागिराला सामान झाकायला आणि कडांना चिकटपट्टी लावायला २ तास, भेगा व खिळ्यांची भोकं भरून घासायला ३, आणि रंगाच्या दोन हातांना (थरांना) ४-४ तास लागतात, एकूण १३. तीच खोली पूर्ण पुट्टीची (भिंत सपाट करणाऱ्या लेपाची) असेल तर पुट्टीच्या दोन हातांचे १६, घासण्याचे ५ आणि प्रायमरचे, म्हणजे रंगाआधीच्या अस्तराचे, ४ तास येतात. भोकं भरण्याचे ३ वगळले तरी बेरीज ३५ वर जाते, आणि त्यात रंगाचे तास आठच! गडद भिंतीवर फिका रंग हवा असेल तर तिसरा हात धरावा.

ग्रिल, दारं नगावर मोजतो. गंजलेल्या ग्रिलचा वेळ चौरस फुटांत कधीच बसत नाही.

वाळण्याचा वेळ मजुरीत येत नाही, पण दिवस त्यानेच वाढतात. इमल्शनच्या (पाण्यात मिसळायच्या रंगाच्या) दोन हातांच्या मध्ये साधारण ४ तास, दमट हवेत जास्त, ऑइलपेंटला रात्रभर. म्हणून एका खोलीत दोन कारागीर लावून काम निम्म्या दिवसांत होत नाही. दोन खोल्या हातात असल्या की एक वाळेपर्यंत दुसरी होते. त्यासाठी ग्राहकाकडून दोन खोल्या एकदम मोकळ्या करून घेतो. ते जमणार नसेल तर दिवस वाढवूनच लिहून देतो.