आईनं केलेला रस्ता

लोणंद सोडून पालखी तरडगावच्या वाटेला लागली होती. पाच-सहा दिवसांपूर्वी दिवेघाट चढताना एकादशीचा उपास होता आणि सासवड काही केल्या येत नव्हतं, त्यामुळे बोलायला दमच नव्हता. आजचा टप्पा लहान होता. आई आणि मी दिंडीच्या मागच्या रांगेत. शेजारी परभणीकडच्या एक आजी, डोक्यावर तुळस. अभंग संपून टाळ जरा थांबले, तसं त्यांनी आईला विचारलं, "माहेर कोणतं, माय?"

"माण तालुका. दहिवडीकडं."

"मग बहात्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडली असशील."

"फोडली की. बारा वर्साची होते."

मी चालता चालता अडखळले. आईनं खडी फोडली होती, हे मला माहीतच नव्हतं. लहानपणाचं विचारलं की ती म्हणायची, "सगळ्यांचं असतं तसंच." मी तिच्यासमोर बसून, तिच्या तोंडाकडे बघत विचारायचे. इथे तिघींच्याही नजरा पुढच्या पताकेवर होत्या. शिवाय विचारणारीनंही तेच दिवस काढले होते. आपल्या माणसाला ऐकून वाईट वाटेल, ही धास्ती आईला आजींपाशी नव्हती, असं मला वाटतं.

मग दोघी थांबेचनात. मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, तांबडी भाकरी. कामावर मिळणारी सुकडी, आणि ती न खाता पदरात बांधून धाकट्या भावासाठी घरी नेणारी आई. बाभळीला बांधलेल्या झोळ्या, त्यात कुणाकुणाची तान्ही पोरं. "शाळा तिथंच सुटली," आई म्हणाली, अगदी सहज. मी तिला शाळेचं किती वेळा टोचून बोलले आहे, ते मला एकदम आठवलं.

चांदोबाच्या लिंबापाशी उभं रिंगण लागलं. अश्व दौडत गेले, लोक टापांखालची माती कपाळाला लावायला धावले, आणि गोष्ट तिथंच तुटली.

रात्री राहुटीत आजींच्या पायांना मी तेल चोळत होते. त्या नको नको म्हणत होत्या. सासूचं चालणं थांबलं, तेव्हा घरातली वारी मोडू नये म्हणून त्या निघाल्या होत्या. "पहिल्या वर्षी रडत आले. कुणाशी बोलावं कळंना," त्या म्हणाल्या. "तुझं काय, पोरी?"

आणि मी सांगून टाकलं. आठ महिन्यांपूर्वी नोकरी गेली, घरी कुणाला बोलले नव्हते. आई पलीकडे पाठ करून निजलेली होती. निदान मला तसं वाटत होतं. पहाटे पिशव्या ट्रकमध्ये टाकताना तिनं माझी पिशवी हातातून काढून घेतली. "मला आधी सांगायचंस," एवढंच म्हणाली.

वाखरीपर्यंत आम्ही खूप बोललो. भांडलोही, माझ्या शाळेच्या टोमण्यांवरून.

आषाढी झाल्यावर पंढरपूरहून आम्ही घरी न जाता तिच्या माहेरी निघालो. दहिवडीहून पुढचा एसटीचा तो रस्ता मी लहानपणापासून दर सुट्टीत पाहिलेला. गावाच्या अलीकडे आईनं खिडकीची काच सरकवली.

"ह्या मोरीपासून त्या वडापर्यंत आमची टोळी होती," ती म्हणाली. मी ड्रायव्हरला गाडी जरा हळू घ्यायला सांगितलं.