तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्या कष्टात गाणं सुचायचं कसं?

जात्याचा किंवा शेतातल्या गाण्यांचा विषय निघाला की मला एक प्रश्न हमखास येतो. शाळेतल्या बाई विचारतात, शेजारचे काका विचारतात, परवा एका कार्यक्रमानंतर कॉलेजची एक मुलगी थांबून विचारत होती, की ताई, एवढं मरमर काम करताना त्या बायकांना गाणं सुचायचं तरी कसं? आणि विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुतेक तयार असतं, एकतर जुनी माणसं समाधानी होती म्हणून गायची, नाहीतर दुःख विसरायला गायची. मला दोन्ही पटत नाही. म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकते.

आमचं गाव गंगाखेड तालुक्यात. गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात आणि तिच्या काठच्या पट्ट्याला गंगथडी. संत जनाबाईंचं गंगाखेड तेच, त्यामुळं विठ्ठल दळायला हात लावायचा ही गोष्ट आजी अशी सांगायची की जणू शेजारच्या ओसरीत कालच घडलीय.

आजी पहाटे चारला जात्यावर बसायची. मी पाच-सहा वर्षांची असेन, गोधडीसकट उठून तिच्या मांडीवर डोकं ठेवायचे. जात्याची घरघर कानात नाही, कानशिलात लागायची, तिची मांडी प्रत्येक फेऱ्याला थोडी हलायची आणि आवाज वरून यायचा. पुढं मी समोर बसून खुंटा धरायला लागले तेव्हा कळलं की ओवी ही दळणाच्या वरून घातलेली सजावट नव्हतीच. ओळ संपली की मूठ पडायची. ओळ म्हणेपर्यंत जितके फेरे व्हायचे तितक्यात एक मूठ ज्वारी बरोबर दळून व्हायची. घाई करून घास टाकला तर भरडा पडतो, टाकायला उशीर झाला तर दगडावर दगड घासतो आणि मग भाकरीत कचकच लागते. घड्याळ नाही, मोजमाप नाही, ओवी हेच मोजमाप. आणि त्या मोजमापातच बाई स्वतःचं सगळं बोलून घ्यायची. आजी बालाघाटच्या डोंगरातली, लग्न होऊन इकडं आली, तिची एक ओवी अजून जशीच्या तशी लक्षात आहे:

जात्याच्या तोंडामंदी घास टाकिते मुठीचा
दूर दिली मला बापा, गाव गंगेच्या काठीचा

हे ती दिवसा कुणाला बोलली नसती. घरात सासरा, दीर, जावा, आणि बापाबद्दल तक्रार करणारी सून कुणाला चालली असती? पण जात्यावर म्हटलं तर कुणी हटकत नसे, कारण दळण चालू होतं.

गावात वस्त्या दोन, पाणवठे त्या काळी वेगळे, पण ओवीची चाल एकच. इकडं पहिली ओवी विठ्ठलाला, तिकडं भीमरायाला. बाबासाहेबांवरच्या ओव्या मराठवाड्यात किती आहेत हे बाहेरच्या लोकांना खरंच माहीत नसतं. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८० च्या दशकापासून गावोगाव फिरून ओव्या गोळा केल्या, एक लाखाच्या वर भरल्या त्या, त्यात माजलगावच्या बायकांनी गायलेल्या भीमाच्या ओव्याही आहेत. एक लाख! आणि आपल्याला शाळेत शिकवलं जातं की अडाणी बायका.

आता शेतातलं सांगते, कारण माझं खरं उत्तर तिथं आहे.

खुरपणीला पंधरा-वीस बाया एका ओळीत बसायच्या, प्रत्येकीला आपली पाथ, म्हणजे खुरपत पुढं न्यायचा पट्टा. माय मला सुट्टीत सोबत न्यायची. म्हणणारी एक, बाकीच्या मागून ओढणाऱ्या, आणि ती म्हणणारी सगळ्यात चांगल्या गळ्याचीच असायची असं नाही, आमच्याकडं माझी थोरली काकू म्हणायची आणि तिचा आवाज तसा फाटकाच होता. पण तिचं लक्ष सगळ्या ओळीवर. एकदा, मृगाचा पाऊस होऊन गेला होता, कापसात गवत गुडघ्याला लागलेलं, ओळीत एक सात महिन्यांची गरोदर बाई होती. ती मागं पडायला लागली तशी काकूनं चाल बदलली. त्याच ओळी, पण लांबवून, शेवटचा शब्द ओढून ओढून म्हणायला लागली आणि वीस खुरपी आपोआप सावकाश झाली. कुणी काही बोललं नाही, मालक बांधावर उभा होता त्याला गाणंच ऐकू येत होतं. दोन्ही बाजूंच्या बायांनी एकेक हात तिच्या पाथीत मारला, ती ओळीला लागली, आणि मग काकूनं चाल परत उचलली. घरी येताना मी मायला विचारलं तर ती एवढंच म्हणाली, "ती मागं राहिली तर मालकाला दिसंल की गं. उद्या कामाला नको म्हणंल तिला."

बघा, गाणं हे करत होतं. सुचायचा प्रश्नच नाही, जसं खुरपं न्यायचं तसं गाणं न्यायचं. गाण्यामुळं कामाचा वेग बायांच्या हातात राहायचा, निदान थोडा तरी. गाण्यानं काम उरकतं हे मालकालाही कळायचं, हे मी नाकारत नाही. माझे वडील मोट हाकायचे, म्हणजे बैलांकडून विहिरीचं पाणी ओढायचे, ते सांगायचे की बैल धावेवरून, म्हणजे विहिरीपुढच्या उतारावरून, खाली निघाले की मोटकरी नाड्यावर, मोटेच्या दोरावर, बसून गाणं म्हणायचा, पाणी विहिरीच्या तोंडाशी थारोळ्यात पडायचं, आणि वाड्यात बसलेल्या मालकाला गाणं थांबलं की समजायचं, मोट थांबली. म्हणजे गाणं पहारा पण होतं. पण गाण्याच्या आत किती दम घ्यायचा हे तर मोटकऱ्याच्याच हातात होतं ना. ज्वारी काढताना भलरी, म्हणजे काढणीचं गाणं, म्हणायचे ते पण तसंच, भलरीच्या बोलावर सगळी रांग वाकायची आणि उठायची, एकटा कुणी पुढं पळायचा नाही न् एकटा कुणी मागं राहायचा नाही.

बहात्तरच्या दुष्काळात माय रस्त्याच्या कामावर खडी फोडायला होती, मी तेव्हा जन्मले नव्हते. सुकडी खाऊन दिवसभर हातोडा. ती म्हणायची, खडी फोडताना गाणं व्हायचं नाही, प्रत्येकीचा ढीग वेगळा, पैसे ढिगाच्या मापावर. पण मातीकामाला घमेली हातोहात द्यायची रांग लागली की लगेच कुणीतरी सुरू करायची. हे ऐकलं तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही. ऊसाच्या फडात गेले तेव्हा पटलं.

दोन सीझन मी आईवडिलांसोबत ऊसतोडीला होते, नववीच्या आधीची गोष्ट. दसरा झाला की टोळी निघायची, मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता. माणसाला नावच कोयता! पाचटाची कोपी, पहाटेची थंडी, वाढ्याच्या पानानं हात चिरलेले. आणि मजुरी टनावर. तिथं मी गाणं ऐकलं नाही. रात्री रिकाम्या बैलगाड्या कारखान्यावरून परत येताना गाडीवान झोप येऊ नये म्हणून काहीतरी म्हणायचे तेवढंच. फडात फक्त कोयत्याचा आवाज आणि मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या माणसाचा श्वास. माय, जी खुरपणीत सगळ्यात आधी ओळ उचलायची, ती फडात सहा महिने गप्प. मला वाटायचं थकवा. पण थकवा तर खुरपणीतही होता. फरक हा की इथं शेजारच्या कोयत्यासाठी थांबलं तर आपलं टन कमी, उचल फिटत नाही. कुणी कुणासाठी चाल लांबवायची?

पाळी आली, पोटात दुखलं, म्हणून बाई बसली तर खाडा, म्हणजे गैरहजेरी, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. २०१९ साली सरकारी समितीनं बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पाहणी केली, तर १३ हजारांहून जास्त बायकांची गर्भाशयं काढलेली निघाली. लोक मला म्हणतात पिठाची गिरणी आली, मोबाईल आला म्हणून गाणं गेलं. मला तो आकडा आठवतो आणि काकूनं ओढून म्हटलेला तो शेवटचा शब्द आठवतो. आता खुरपणी पण गुत्त्यावर, म्हणजे ठेक्यानं, देतात, वेचणी किलोवर, प्रत्येकीची पाथ आहे पण रांग नाही.

गिरणीबद्दल मात्र कुणी हळहळू नका. आमच्या गावात गिरणी आली तेव्हा आजी पहिल्याच दिवशी डबा घेऊन गेली, तिचा उजवा खांदा तोपर्यंत कामातून गेलेला होता. जातं माळवदाच्या घरात कोपऱ्यात सरकवलं, वर रांजण ठेवला.

मी डी.एड.ला होते तेव्हा मैत्रिणीचा टेपरेकॉर्डर आणून आजीला म्हटलं, आजी ओव्या म्हण. ती बसली, पदर नीट केला, आणि काही येईनाच. "अशा कशा म्हणायच्या गं नुसत्या?" जातं काढणं शक्य नव्हतं, मग तिनं परात पालथी घातली, तिचा काठ धरून फिरवायला लागली, मला म्हणाली तू पण हात लाव. आणि आल्या की एकामागून एक!

ती कॅसेट घासली गेली पण मुलानं तिचं मोबाईलवर करून दिलंय. कुणी फारच विचारलं तर मी त्यातलं एक मिनिट ऐकवते. तिसऱ्या ओवीच्या मध्येच मी घाई केलीय, परात खडखडली ते ऐकू येतं, आजीचा आवाज थांबत नाही, फक्त ओळ लांबते, आणि ओळीच्या शेवटी श्वास घेता घेता ती म्हणते, "हळू माय, मी हाय ना संगं. ये."