काळ्या पडद्यावरच्या खिडक्या

सर्व्हरवर रात्री चालणाऱ्या जॉब्सची, म्हणजे कामांची, यादी, प्रत्येकासमोर जबाबदार माणसाचं नाव आणि खाली ‘पुन्हा चालवा’ असं एक बटण. मला एवढंच बनवायचं होतं. पण सर्व्हरवर एसएसएचखेरीज, म्हणजे दुरून कमांड टाइप करण्याखेरीज, वाट नव्हती, वेबसाठी नवा पोर्ट (नेटवर्कचं दार) कुणी उघडून देणार नव्हतं, आणि कमांड पाठ करायची रात्रपाळीवाल्यांची अजिबात तयारी नव्हती. म्हणजे टर्मिनलच्या, त्या फक्त अक्षरं दाखवणाऱ्या काळ्या पडद्याच्या, आतच खिडक्या काढणं आलं.

बाकीचा कोड जावात होता, म्हणून जावातलंच काहीतरी शोधलं. आधी चार्वा ही लायब्ररी (तयार कोडचा संच) पाहिली. तिची रचना थेट स्विंगसारखी, म्हणजे जावाच्या खिडक्या काढायच्या लायब्ररीसारखी, त्यामुळे ओळखीची वाटली; पण ती आतून सी भाषेतल्या एनकर्सेस या लायब्ररीवर चालते. मग प्रत्येक मशीनसाठी वेगळी बनवलेली नेटिव्ह लायब्ररी सांभाळत बसा! दुसरी लायब्ररी, लँटर्ना, निव्वळ जावात आहे. तिची एक जार फाइल टाकली की झालं.

लँटर्नाचे तीन थर आहेत. सगळ्यात खाली टर्मिनल, म्हणजे कर्सर हलव, रंग बदल, अक्षर लिही. त्यावर स्क्रीन आणि त्यावर खिडक्या, पॅनेल, बटणं, तक्ते. मी घाईत सरळ वरच्या मजल्यावर गेलो आणि एका संध्याकाळी फॉर्म उभा केला. निळी पार्श्वभूमी, करडी खिडकी, तिच्यामागे सावलीसुद्धा! आयडीईतून, म्हणजे कोड लिहायच्या प्रोग्राममधून, चालवलं की लायब्ररी स्वतःच एक स्विंगची खिडकी उघडून तिच्यात टर्मिनलचं सोंग वठवते, कारण तिथे खरा कन्सोल नसतो. मी त्या सोंगालाच भुललो. सगळी चाचणी तिथेच केली.

सर्व्हरवर पहिल्यांदा चालवलं तेव्हा खिडकीच्या मधोमध लॉगची, म्हणजे प्रोग्रामच्या नोंदींची, एक ओळ आडवी पडलेली दिसली. आयडीईत लॉग वेगळ्या पट्टीत जात होते, इथे दोघांचा पडदा एकच. ओळ आली ती आली, पण जाईचना. टॅब दाबला, यादी वरखाली केली, तरी ती तिथेच. हे समजून घ्यायला मधल्या थरात उतरावं लागलं. स्क्रीन दोन प्रती ठेवते: पडद्यावर सध्या काय आहे आणि पुढे काय हवं आहे. रिफ्रेश करताना दोन्ही ताडून फक्त बदललेल्या चौकटी (एका अक्षराची जागा म्हणजे एक चौकट) पाठवते. एसएसएचवर हे फार उपयोगी, कारण दर वेळी ८० गुणिले २४ चौकटी ढकलाव्या लागत नाहीत. पण लॉगरने तिच्या पाठीमागून लिहिलेलं तिला ठाऊकच नसतं. तिच्या हिशेबी तिथे काही बदललेलंच नाही, मग पुसणार कशाला? पूर्ण रिफ्रेश करता येतो, पण ती मलमपट्टी झाली. मी लॉग फाइलकडे वळवले आणि कोडमध्ये विसरलेले सगळे प्रिंट शोधून काढले. अकरा निघाले.

‘पुन्हा चालवा’ दाबलं तर सगळं थिजलं. ही चूक शुद्ध माझी. बटणाचं काम जीयूआयच्या थ्रेडवर, म्हणजे खिडक्या हाताळणाऱ्या कामाच्या धाग्यावर, चालतं आणि मी जॉब तिथेच चालवत होतो. स्विंगमध्ये हाच धडा शिकलेला माणूस इथे पुन्हा त्याच खड्ड्यात! वैतागून दुसऱ्या सेशनमधून किल मायनस नऊ, म्हणजे प्रोग्राम तडकाफडकी मारायची कमांड, मारलं. प्रोग्राम मेला, पण त्याला आवराआवर करायला वेळच मिळाला नाही. परत येऊन बघतो तर खिडकीचं प्रेत पडद्यावर तसंच, त्याच्या मधोमध कमांडची वाट पाहणारा प्रॉम्प्ट, आणि टाइप केलेलं एक अक्षर दिसत नाही. आंधळेपणाने रीसेट ही कमांड टाइप करून एंटर दाबलं तेव्हा पडदा ताळ्यावर आला. आता जॉब वेगळ्या थ्रेडवर चालतो आणि निकालाचं लेबल इन्व्होकलेटरने, म्हणजे ते काम खिडक्यांच्या थ्रेडकडे सोपवून, बदलतो. रीसेटची चिठ्ठी मात्र मॉनिटरला चिकटवलेली आहे ती आहेच.

खरी कसोटी नावांनी घेतली. सर्व्हरवर जावा ११ होती आणि लोकेल (भाषेची सेटिंग) साधी सी, त्यामुळे देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग आली. जावा १८ पासून डीफॉल्ट एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) देवनागरी पेलणारं यूटीएफ-८ आहे, पण तिथवर पोचायला आमच्या सर्व्हरला वेळ होता. सुरू करतानाच फाइल एन्कोडिंग यूटीएफ-८ दिलं आणि नावं उमटली. उमटली, पण तक्ता वाकडा! ‘क्षितिज’ डोळ्याला तीन अक्षरं, युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरसंकेतात, सात चिन्हं: क, हलन्त, ष, वेलांटी, त, वेलांटी, ज. यातली कुठली स्वतःची चौकट घेतात आणि कुठली शेजारच्याच्या चौकटीत राहतात, याबद्दल लायब्ररीचं गणित एक आणि टर्मिनलचं दुसरं. माझ्या लॅपटॉपवर नावापुढचा रकाना डावीकडे सरकायचा, सहकाऱ्याच्या टर्मिनलवर तोच वेगळ्या जागी दिसायचा.

रुंदी मोजायचा स्वतःचा कोड लिहून पाहिला, दोन दिवस घालवले आणि फेकून दिला. शेवटी नावाचा रकाना उचलून सगळ्यात उजवीकडे नेला आणि खिडकीच्या कडेची रेघ काढून टाकली. नावाच्या उजवीकडे आता काहीच नाही, त्यामुळे ते हवं तेवढं सरकलं तरी कुणाला धक्का लागत नाही.