पतंगाच्या मिशीतला करंट

आज बडोद्यात भाचीच्या प्रयोगशाळेत डोकावलो. रेशीमपतंगाच्या नराची पिसासारखी शृंगिका (म्हणजे मिशीच हो!) कापून तिची दोन्ही टोकं खारट पाण्याच्या काचनळ्यांत बुडवलेली. मादीच्या गंधाची, बॉम्बिकॉलची, फुंकर आली की पडद्यावरची विजेच्या दाबाची रेघ झपकन खाली. जेमतेम मिलिव्होल्टभर! असंख्य गंधपेशींची ती बेरीज. १९५७ साली जर्मन शास्त्रज्ञ डीट्रिच श्नायडर यांनी हे पहिल्यांदा मोजलं. बॉम्बिकॉल १९५९मध्ये ओळखलं गेलं, सुमारे ५ लाख माद्या खर्ची घालून. बिचाऱ्या.

सुरुवातीला रेघ नुसतीच थरथरत होती. "मामा, मोबाइल लांब ठेवा ना!"

येताना दांडिया बाजारात सेव-उसळीचा वास आला, पाय आपोआप वळले. माझ्या मिशीत किती मिलिव्होल्ट झाले असतील, कोण जाणे.