आमची वाटचाल : पाटीवरचं ‘पर्यावरणपूरक’ आणि वहीतला हिशेब

लातूरच्या आमच्या ऑफिसवर २०११ पासून एक पाटी होती : ‘पर्यावरणपूरक घरं व जुन्या घरांची दुरुस्ती’. २०१७ च्या उन्हाळ्यात निलंगा तालुक्यातले एक निवृत्त गुरुजी आले. पाटी वाचली, आत येऊन बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, “पर्यावरणपूरक म्हंजे नेमकं किती ते सांगा. विटांचं सांगता तसं आकड्यात सांगा.”

मला सांगता आलं नाही. विटा, सळई, खडी यांचा हिशेब तोंडपाठ होता, पण ज्या शब्दावर गिऱ्हाईक येत होतं त्याचा हिशेब आमच्याकडे नव्हता. गुरुजींनी दोष दिला नाही. “काढून ठेवा, पुन्हा येतो,” म्हणून उठले. त्या रात्री मी दोनशे पानी वही आणली. आमच्या धंद्याची खरी वाटचाल तिथून सुरू झाली असं मी मानतो.

त्याआधीचं थोडक्यात. आमचे अण्णा गवंडी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा मी सातवीत होतो. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं गाढ झोपेत. किल्लारी आणि आसपासची गावं दगडमातीची. भिंती दोन-अडीच फूट जाड आणि डोक्यावर माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छत. भिंत बाहेरून एकसंध दिसायची, पण आत दोन वेगळ्या कवचांसारखी रचलेली, मधे दगडगोटे आणि माती भरलेली. हादरा बसला तशी दोन्ही कवचं अलग झाली आणि माळवदाची माती खाली आली. अण्णा कितीतरी दिवस ढिगारे उपसत होते. घरी आल्यावर एकच बोलायचे : “दगडानं नाय मारलं, आमच्या बांधणीनं मारलं.”

त्यानंतर आमच्या भागात दगडमातीच्या घराची धास्ती बसली ती बसलीच. जो तो स्लॅबच्या मागे लागला, आणि त्यात चूक काहीच नव्हती. २००८ मध्ये मी डिप्लोमा करून, तीन मिस्त्री आणि एक मिक्सर घेऊन धंदा सुरू केला, तेव्हा आम्हीही स्लॅबचीच घरं बांधली. पर्यावरणाचा विचार नंतर आला, एका कार्यशाळेत मातीच्या दाबीव ठोकळ्यांचं यंत्र बघून. माती जागेवरचीच, भट्टी नाही, कोळसा नाही. मन भरून आलं होतं. कर्ज काढून यंत्र घेतलं.

पहिलंच घर औसा रोडच्या एका शेतात. जमीन काळी. ठोकळ्याला वाळू जास्त आणि चिकणमाती कमी असलेली माती लागते, हे शिकलो होतो. म्हणून मुरूम आणला, पण खर्च वाचवायला त्यात जागेवरची काळी माती मिसळली. काळी माती पाण्यानं फुगते आणि उन्हानं आकसते, तिला नुसतं सिमेंट आवरत नाही, चुना लागतो. पहिला पावसाळा संपून दिवाळीची ऊनं पडली आणि दक्षिणेच्या भिंतीला बोट जाईल एवढी चीर पडली. मालक सज्जन माणूस, ओरडले नाहीत. आम्ही ती भिंत स्वखर्चानं उतरवली आणि विटांत पुन्हा बांधली. म्हणजे त्या भिंतीसाठी सिमेंट दोनदा लागलं, पाणी दोनदा लागलं आणि आठ ट्रॅक्टर राडारोडा नाल्याकाठी गेला. आणि त्या घराचा फोटो तोवर आमच्या पत्रकावर ‘हरित घर’ म्हणून छापून झाला होता. वही सुरू केल्यावर मी पहिलं पान त्याच घराचं लिहिलं.

२०१६ चा उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, दहा टाक्या, एकेकीत पन्नास हजार लिटर. बायाबापड्या घागरी घेऊन रांगेत, आणि आमच्या दोन साइटवर स्लॅबला पाणी मारायचं काम चालू. आमच्या उन्हात राखमिश्रित सिमेंटला दोन आठवडे तरी ओल टिकवावी लागते, नाहीतर वरचा थर कच्चा राहतो. टँकर शेताच्या विहिरीचा होता, पिण्याचा नव्हता. तरी हातात नळी धरवेना. आम्ही नवी कामं पाऊस पडेपर्यंत थांबवली आणि चालू स्लॅबवर वाळूचे बांध घालून, ओली बारदानं अंथरून, वर प्लास्टिक टाकून भागवलं. पाणी निम्म्यावर आलं. ती पद्धत आजही तशीच चालू आहे, भरपूर पाऊस झालेल्या वर्षीसुद्धा.

तर वहीचं. आधी आम्ही एका साध्या घराचा हिशेब मांडला : १००० चौरस फूट, एक मजला. ठोकताळ्यानं चारशे पोती सिमेंट आणि चार टन सळई. पन्नास किलोच्या राखमिश्रित पोत्यामागे तीस-पस्तीस किलो कार्बन डायऑक्साइड (पुढे नुसतं ‘कार्बन’ म्हणतो) हवेत जातो. निम्म्याहून जास्त तर कोळशामुळे नव्हे, चुनखडी भाजताना तिच्यातूनच निघतो, त्यामुळे भट्टी कितीही सुधारली तरी तो सुटत नाही. म्हणजे नुसत्या सिमेंटचे बारा-तेरा टन. सळई आम्ही जालन्याची वापरतो. तिथल्या कारखान्यांत मुख्यतः भंगार विजेच्या भट्टीत वितळवतात. खनिजापासून केलेल्या पोलादाला टनामागे दोन टनांच्या पुढे कार्बन पडतो, भंगाराच्या सळईला त्याहून बराच कमी.

मग वाहतूक. माझी ठाम समजूत होती की लांबून आणलेला माल म्हणजे पर्यावरणाचा घात. पुण्याकडून एक ट्रक हलके ब्लॉक आणले तर जाऊन-येऊन दीडशे लिटर डिझेल धरा. लिटरमागे पावणेतीन किलो कार्बन, म्हणजे चारशे किलो. सिमेंटच्या बारा टनांपुढे चारशे किलो! जवळचा माल घ्यावाच. रस्ता वाचतो, गावातल्या माणसाला काम मिळतं. पण ‘स्थानिक माल’ एवढ्यावर घर हिरवं झालं असं मी सांगत होतो, ते वहीनं खोडून काढलं.

परळीच्या राखेच्या विटांचंही तसंच. राख साठ-सत्तर किलोमीटरवर, भट्टी लागत नाही, शेताची वरची सुपीक माती वाचते. नदीकाठची जमीन चार-चार फूट खरवडून नेलेली मी पाहिली आहे, त्यामुळे मातीची बचत माझ्या लेखी फार मोठी आहे. पण राख कोळसा जाळूनच येते. २०१५ च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचं वीज केंद्र बंद ठेवावं लागलं, तेव्हा आमच्या विटाही अडल्या. आम्ही त्या वापरतो. पडून राहिलेली राख उडून लोकांच्या छातीत जाण्यापेक्षा भिंतीत गेलेली बरी. मात्र आता गिऱ्हाइकाला ‘शून्य प्रदूषणाची वीट’ असं म्हणत नाही.

सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते उन्हानं. मे महिन्यात ४२-४३ अंश, आणि स्लॅब रात्री बारापर्यंत तापलेला. दीड टनाचा एसी रोज सहा तास, नव्वद रात्री चालला तर सातशेच्या आसपास युनिट होतात. आपली वीज बहुतांशी कोळशाची, युनिटमागे अंदाजे सातशे ग्रॅम कार्बन. वर्षाला अर्धा टन, तीस वर्षांत पंधरा टन. घर बांधताना लागलेल्या सिमेंटपेक्षा जास्त! म्हणून आम्ही महागड्या बांबूच्या फरश्या आणि परदेशी रंग सुचवणं सोडलं आणि गच्चीवर फुटक्या पांढऱ्या टाइल्सचे तुकडे बसवायला लागलो. नाही परवडत तर दरवर्षी गुढीपाडव्याच्या आत चुन्याचा हात. पश्चिमेच्या भिंतीला खिडकी लहान आणि बाहेर कडुनिंब. या कामात आम्हाला फार पैसे मिळत नाहीत, आणि फोटोतही ते उठून दिसत नाही.

सौरऊर्जेबद्दल लोक रोज विचारतात, विशेषतः २०२४ मध्ये केंद्राची सूर्यघर योजना आल्यापासून. तीन किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान आहे. बसवावी. दोन किलोवॅटची यंत्रणा वर्षाला साधारण दोन टन कार्बन वाचवते, म्हणजे सहा-सात वर्षांत घराचं सिमेंट फिटतं. फक्त वीज फुकट झाली म्हणून तीन खोल्यांत तीन एसी लावले की फिटत आलेलं पुन्हा अंगावर येतं. असं एक घर आमच्या वहीत आहे.

गुरुजी सहा महिन्यांनी खरंच आले. त्यांचा चार खणांचा वाडा, माळवद चारशे चौरस फूट. मुलाचा हट्ट : पाडून बंगला बांधू. आम्ही भिंती तपासल्या. सुदैवानं एकाही भिंतीला पोट आलेलं नव्हतं, ओळंब्यात होत्या. मग दोन्ही हिशेब त्यांच्यासमोर मांडले. नवं घर तेवढंच बांधायचं तरी दीडशेवर पोती, दुरुस्तीला पंचावन्न.

माळवद उतरवायला अकरा दिवस लागले. वरून टोपल्यांनी माती काढत गेलो तसे थर दिसायला लागले : दर मृगाच्या आधी पांढरी माती टाकून चोपलेली, बोटभर जाडीचा एकेक थर, कुठे चिंचोके, कुठे हिरव्या बांगडीचा तुकडा. गुरुजींच्या आई एका कोपऱ्यात खुर्ची टाकून बसल्या होत्या. “ह्यो थर माझ्या लग्नाच्या सालचा आसंल,” म्हणून त्यांनी ढेकूळ हातात घेऊन फोडलं. माती दीड फूट भरली. सहा ब्रास, म्हणजे सत्तावीस टनांच्या आसपास. एवढं ओझं त्या कुटुंबाच्या डोक्यावर ९३ च्या आधीपासून होतं आणि त्या पहाटे ते कोसळलं नाही. आकडा सांगितला तेव्हा गुरुजी बराच वेळ बोलले नाहीत.

भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार भोकं पाडून सळई आणि काँक्रीट भरलं, म्हणजे दोन्ही कवचं एकमेकांना बांधली गेली. दारांच्या वरून चहूबाजूंनी काँक्रीटचा पट्टा फिरवला. सागवानी तुळया तशाच ठेवल्या. दोनच वाळवीनं पोखरलेल्या निघाल्या, त्यांच्या जागी औशाच्या एका पाडलेल्या वाड्यातलं जुनं लाकूड आणलं. वर फळ्या, जाड प्लास्टिक, चार इंच चुना घातलेली माती आणि पांढरे तुकडे. सत्तावीस टनांचे सहा टन झाले. सानं, म्हणजे छतातलं उजेडाचं भोक, काचेनं झाकलं, त्यामुळे स्वयंपाकघरात दिवसा दिवा लागत नाही. काढलेली पांढरी माती त्यांच्याच शेतात गेली.

प्रत्येक वाडा असा वाचत नाही. भिंतीला पोट आलं असेल, पाया काळ्या मातीत बसला असेल तर आम्ही पाडायलाच सांगतो आणि दगड नव्या जोत्यात वापरतो. माणसाच्या जिवापुढे कार्बनचा हिशेब मांडायचा नाही, हे अण्णांनी शिकवलंय.

धंद्याला याचा फटका बसला हेही सांगायला हवं. ठेका चौरस फुटावर मिळतो, आणि आम्ही गिऱ्हाइकाला आधी विचारतो की अठराशे फूट खरंच हवेत का, बाराशेत भागत नाही का. दोन-तीन मोठी कामं या प्रश्नामुळे गेली. २०१९ साली पगाराला पैसे नव्हते, ठोकळ्यांचं यंत्र विकलं. पण जी माणसं राहिली ती टिकली. आज आम्ही चौदा जण आहोत, त्यातले पाच दुरुस्तीचेच मिस्त्री, आणि वर्षाला सहा-सात जुनी घरं हाताखालून जातात. १००० फुटांच्या छतावर ७०० मिलिमीटर पाऊस पडला तर ६५ हजार लिटर पाणी होतं; त्यातलं पन्नास हजार तरी बोअरजवळच्या खड्ड्यात मुरवण्याची पाइपलाइन आम्ही दरात धरूनच देतो, वेगळी लावत नाही.

पाटी आम्ही २०१८ मध्ये बदलली. आता नुसतं ‘घरबांधणी व जुन्या घरांची दुरुस्ती’ आहे. वही टेबलावर असते, कुणीही उघडून बघावी. प्रत्येक पानाच्या शेवटी एक रकाना कोरा ठेवलेला आहे : ‘दहा वर्षांनी’. गुरुजींच्या घराचा रकाना २०२८ मध्ये भरायचा आहे. मधल्या काळात गुरुजींच्या आई गेल्या. गेल्या वर्षी मृगाच्या आधी मी त्यांच्या माळवदावर चढलो होतो. पूर्वेच्या कोपऱ्यात पन्हाळीजवळ तीन तुकडे सुटलेले होते, खालची माती थोडी ओली होती. मिस्त्रीला बोलावून त्याच दिवशी बसवून घेतले आणि वहीत तारखेसह लिहून ठेवलं.