दवण्याचा वास आणि राखेखालच्या वहाणा

"आई, वाळवंटात चाललोय ना? मग स्वेटर कशाला?" पोर्टलंडहून निघताना लेकीचा प्रश्न. मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. पण अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्याचं पूर्वेकडचं वाळवंट 4,000 फुटांच्याही वर आहे. दिवसा ऊन चटकतं आणि रात्री हुडहुडी भरते.

आधी थांबलो युजीनला, विद्यापीठाच्या संग्रहालयात. मला तिथली एकच वस्तू बघायची होती. मंद उजेडात, काचेमागे ठेवलेली वहाण. सेजब्रश नावाच्या झुडपाच्या सालीचे दोर वळून विणलेली. सपाट तळवा, पुढे बोटं झाकायला एक झडप, टाचेला काहीच नाही. वय 9,000 वर्षांहून जास्त.

मी काचेला नाक लावून बघत राहिले. आमचे आबा ओसरीवर बसून मांडीवर अंबाडीचा दोर वळायचे, दोन पदर एकमेकांवर चढवत. अगदी तोच पीळ इथे दिसत होता. अशा कितीतरी वहाणा सापडल्या, त्यांतल्या बऱ्याच जळक्या आहेत, कडा काळ्या पडलेल्या. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, असं आपण हट्टी माणसाबद्दल म्हणतो. इथे ते शब्दशः डोळ्यांसमोर होतं.

युजीनहून कॅस्केड पर्वतरांग ओलांडली आणि हिरवाई संपली. ला पाइनच्या पुढे 31 नंबरचा रस्ता धरला. मैलोन्‌मैल राखाडी झुडपं. मग एकाएकी सपाटीवर फोर्ट रॉक उभा राहिला. नाव किल्ल्याचं आणि रूपही तसंच, तुटलेल्या तटबंदीसारखं गोल कडं, सुमारे 200 फूट उंच. हिमयुगात इथे विशाल तळं होतं. खालून वर आलेला लाव्हा त्या पाण्याला भिडला, स्फोट झाले आणि उडालेल्या राखेचं हे कडं साचलं. कड्यावर लाटांनी कोरलेले टप्पे आजही दिसतात. आता आसपास पाण्याचा थेंब नाही, पण भिंतीवर पाण्याची पातळी लिहून ठेवलेली!

वहाणा सापडल्या त्या जवळच्याच गुहेत, 1938 साली. उत्खनन पुरातत्त्वज्ञ ल्यूथर क्रेसमन यांचं. गुहेत ज्वालामुखीच्या राखेचा एक थर होता आणि डझनावारी वहाणा त्या थराच्या खाली. म्हणजे माणसं राख पडण्याआधीची. ही राख नैऋत्येकडच्या माझामा पर्वताची. सुमारे 7,700 वर्षांपूर्वी तो फुटला, माथा खचला आणि तिथेच आजचं क्रेटर लेक हे तळं झालं. इथल्या मूळ रहिवासी क्लॅमथ लोकांच्या कथांत लाओ आणि स्केल या दोन दैवी शक्तींचं अग्नियुद्ध येतं, ते याच डोंगरावरचं. उत्खनन झालं तेव्हा कार्बनवरून वय काढायची सोय नव्हती. क्रेसमन सांगत होते ते जुनेपण अनेक तज्ज्ञांना पटेना. पुढे 1950च्या सुमारास कार्बन तपासणी झाली आणि त्यांचं म्हणणं खरं ठरलं.

गुहेत स्टेट पार्कच्या वाटाड्याबरोबर, आधी ठरवूनच जाता येतं. आमच्या तारखा जुळल्या नाहीत. हळहळ वाटली, पण बंधन योग्यच आहे. अशा जागा पूर्वी हौशी खोदणाऱ्यांनी फार उकरल्या.

दुसऱ्या दिवशी समर लेक या तळ्याच्या काठाकाठाने पेस्लीकडे गेलो. पेस्लीच्या गुहा खालच्या रस्त्यावरूनच पाहिल्या, कड्यातल्या काळ्या खोबणी. इथेही क्रेसमननी खोदलं होतं. हिमयुगातल्या उंट आणि घोड्याची हाडं माणसांच्या खुणांसोबत मिळाली, तरी माणसं खरंच तितकी जुनी का, ही शंका उरली. 2002पासून पुरातत्त्वज्ञ डेनिस जेंकिन्स यांच्या चमूने पुन्हा खोदायला घेतलं. त्यांना मिळाली वाळलेली विष्ठा. हो, तीच. 2008 साली निष्कर्ष छापून आले: त्यात माणसाचा डीएनए आहे आणि वय सुमारे 14,300 वर्षं. क्लोव्हिस भाल्यांची टोकं घडवणारे लोक अमेरिकेतले पहिले, असं कित्येक वर्षं शिकवलं जात होतं. ही माणसं त्यांच्याही हजारभर वर्षं आधीची. नंतरच्या माणसांचा डीएनए वरच्या थरांतून खाली झिरपला असेल, असा आक्षेप आला. 2020मध्ये विष्ठेतल्या स्निग्ध घटकांची तपासणी झाली आणि त्यांतही माणूसच सापडला. एवढं चिवटपणे एका प्रश्नाला धरून बसणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

परतताना फोर्ट रॉकला पुन्हा उतरलो. नुकतीच सर येऊन गेली होती आणि सगळ्या माळाला वास सुटला होता. मी पान चुरडलं आणि थेट जोतिबाच्या चैत्रयात्रेत पोचले. दवणा! नंतर वाचलं, दवणा आणि सेजब्रश दोघंही आर्टेमिसिया, एकाच गोतातले.

झुडपाखाली गळून पडलेल्या सालीच्या दोन पट्ट्या लेकीने उचलल्या. मांडीवर कसं वळायचं ते मी दाखवलं. पहिल्यांदा सुटलं, दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा पीळ बसला, वीतभर. तिने तो ओढून पाहिला, माझ्या हातात दिला, परत घेतला आणि होता तिथेच झुडपाखाली ठेवून दिला.