साखर ताब्यात आहे, मग झोप का नाही?

"काकू, तुमची साखर ताब्यात असते ना? मग रात्री झोप का लागत नाही?" बडोद्याच्या दांडिया बाजारात, हळदीकुंकवाला, कुठेही भेटलात की विचारता. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

मला मधुमेह आहे, मी इन्सुलिन घेते. ते मी झोपले तरी रक्तातली साखर उतरवत राहतं. साखर ७०च्या खाली उतरली की छाती धडधडते, घाम फुटतो, हात थरथरतात. जागेपणी ते लगेच कळतं. झोपेत कळेल की नाही, ही धास्ती. माझी नणंद नुसत्या मेटफॉर्मिनवर आहे. त्या गोळीने साखर सहसा इतकी उतरत नाही, म्हणून ती निवांत झोपते आणि मला म्हणते, "वहिनी, फार विचार करतेस तू."

पंचाईत ही, की काळजीनेही तशीच धडधड होते, तसाच घाम येतो. मध्यरात्री जाग आली की यातलं काय आहे ते अंगावरून ओळखता येत नाही. मी बोट टोचून बघते. कमी असेल तर तीन लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. ठीक असेल तर निदान पाठ टेकता येते.

बडोद्यात नवरात्र म्हणजे गरबा, आणि आपल्या घरांत वर नऊ दिवसांचा उपास. नाचून आल्यावरही स्नायू कित्येक तास रक्तातली साखर ओढत असतात, म्हणजे ती उतरते नेमकी झोपेत. सून म्हणते, "आई, यंदा नको." मी जाते. गरबा मला सोडायचा नाही. उपासाचं आणि डोसचं डॉक्टरांशी आधीच बोलून घेते.

धास्तीपोटी झोपताना मुद्दाम दूध-बिस्किटं खाणाऱ्या कितीतरी जणी मला माहीत आहेत. मग साखर १८०च्या वर गेली की ती लघवीवाटे जाऊ लागते आणि रात्रभर उठबस. झोप मोडली की दुसऱ्या दिवशी इन्सुलिनचा गुणही कमी येतो. तपासणीत तीन महिन्यांची सरासरी साखर विचारतात, झोप कशी लागते हे क्वचितच. याचा मला राग येतो. ते आपणच सांगावं, डोस बदलता येतो.

तुमच्या सासूबाईही रात्री दचकून उठतात म्हणालात. त्यांच्या गोळ्यांची पट्टी बघा. ग्लिमेपिराइड असेल तर त्यानेही साखर उतरू शकते. भास म्हणून सोडून देऊ नका, त्याच वेळी साखर तपासा आणि आकडा डॉक्टरांना दाखवा.